आहात की आहोत?

चष्मेवाली उठायला गेली, तर खुर्चीही तिच्यासोबत उठली. बालवर्गातली चिमुकली खुर्ची ती! भाचीसाठी शाळा बघायला आलेली मावशी त्यात बसली कशी, तेच नवल.

"थांबावं जरा. मी खुर्ची धरतो… आपण उठावं."

'उठावं'? असं कोण बोलतं? शिवाय आवाज ओळखीचा. सकाळी चष्म्याचं दुकान उघडून ती काचा पुसायला घ्यायची, तेव्हा रेडिओवरून हाच आवाज म्हणायचा, 'आपण ऐकत आहात, सकाळची गाणी.'

खुर्ची सुटली. तिनं वळून पाहिलं. उंच, हसऱ्या डोळ्यांचा तरुण, आणि त्याच्या हाताला लोंबकळणारी एक पोरगी.

"काका, ही बाई खुर्ची घरी नेतेय?"

"ठकी, गप्प!" त्याचे कान लाल झाले. "माझी पुतणी. दादा-वहिनी परगावी आहेत, म्हणून शाळा शोधायचं काम माझ्या गळ्यात."

"तुम्ही रेडिओवाले ना? आवाजावरून वेगळेच वाटला होतात."

"म्हणजे… निराशा झाली?"

"ते अजून ठरायचंय," ती म्हणाली, आणि हसू दाबायच्या भानगडीत पडली नाही.

तोवर तिची भाची चिमणी ठकीशेजारी वाळूत जाऊन बसली होती. नाहीतर चिमणी म्हणजे कोणी परकं दिसलं की मावशीच्या ओढणीत शिरणारी! शाळा तशी चकचकीत होती. पोहायचा तलाव, भिंतीएवढे संगणकाचे पडदे, आणि चार वर्षांच्या मुलांचं पुढं काय करायचं ते आत्ताच ठरवून बसलेल्या मुख्याध्यापिका. चिमणीनं त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही. ठकीनं उघडलं, पण ते न उघडतं तर बरं झालं असतं.

फाटकापाशी त्यानं विचारलं, "आपण उद्या कुठली शाळा बघायची?"

आपण! म्हणजे दोघांनी मिळून? गडी बोलायला सौम्य, पण चांगलाच धीट निघाला की. तिलाही लाजत बसायची सवय नव्हती.

"टेकडीवरची. सकाळी तिथेच या. उशीर करू नका."

तो क्षणभर गोंधळला… आणि दुसऱ्या दिवशी तिच्याआधी हजर होता.

टेकडीवरच्या शाळेत परीक्षा नव्हती, वाफे होते. मुलं चिखलात बिया पेरत होती आणि पेरलेल्या बिया मोजत होती. ठकीला तिथून उचलून आणावं लागलं. चिमणी मात्र, "माऊ, घरी जाऊ," म्हणत कडेवर चढून बसली.

"मी दुकानात गिऱ्हाइकाला काच बदलून बदलून विचारते, पहिलं स्पष्ट की दुसरं?" उतारावर ती म्हणाली. "शाळांचंही तसंच. एकाला लख्ख दिसतं, ते दुसऱ्याला धूसर."

"आपल्याला काय वाटतं, आणखी एखादी बघावी?"

आपल्याला! "बघायलाच हवी," ती ताबडतोब म्हणाली.

तिसरी शाळा चिमणीच्याच गल्लीत होती. रंग उडालेली, ओट्यावर चपलांची रांग. बाईंनी चिमणीला नाव विचारलं नाही, "माझा खडू पाहिलास का गं?" असं विचारलं. चिमणीनं टेबलाखालून खडू काढून दिला, आणि आपणहून स्वतःचं नाव सांगितलं. मोठ्यानं! चष्मेवालीचे डोळे भरून आले.

अंगणात त्यानं विचारलं, "मग… आपण काय ठरवलं?"

एक शब्द फिरवला असता, तर दोन्ही पोरी एकाच शाळेत गेल्या असत्या, आणि फाटकापाशी रोज हा भेटला असता. मोह झाला. पण चिमणीचा तो खडा आवाज अजून तिच्या कानांत होता.

"चिमणी इथेच. आणि ठकीला टेकडीशिवाय कुठे घालाल, तर शाळेचे हाल होतील."

"म्हणजे शाळा वेगवेगळ्या." त्याचा चेहरा उतरला. "आपल्या यजमानांनाही हीच पसंत पडेल ना?"

"कोणाच्या यजमानांना?"

"आपल्या."

"आपल्या? आपल्या दोघांच्या?"

तो गांगरला. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते सगळं 'आपण' म्हणजे नुसतं 'तुम्ही'! रेडिओवरचं, अदबीचं, सगळ्यांना सारखंच वाटलेलं. वाईट वाटलं तिला, अगदी रडू येण्याइतकं.

"माऊ म्हणजे मावशी हो," ती कशीबशी म्हणाली. "चिमणीची आई माझी ताई. ती आणि भाऊजी दोघंही इस्पितळात पाळीवर. मी सडीफटिंग आहे!"

"मावशी?" त्याचा चेहरा असा उजळला, की तिचं रडू जागच्या जागी थांबलं. "मला वाटलं, आईला लाडानं… म्हणून तर मी इतके दिवस…"

"इतके दिवस काय?"

तो ओट्यावरच्या चपला सरळ करू लागला. बोलण्यावर पोट असलेला माणूस!

"बरं, सोपं करून विचारते. तुमच्या त्या 'आपण'च्या पुढे काय येतं? आपण आहात… की आपण आहोत? पहिलं की दुसरं?"

त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ठकीनं अंगणातला नळ सोडला. पोरगी नखशिखांत भिजली, काका धावला, आणि चष्मेवाली चिमणीचं बोट धरून घरी निघाली. असं तोंडावर विचारतात का कोणी? विचारतात. तिनं विचारलं होतं, आणि परत घ्यायची तिची तयारी नव्हती.

सकाळी दुकानात एक निवृत्त गुरुजी चौकटी लावून बघत होते. तिचं लक्ष मात्र रेडिओकडे. गाणं संपलं. तो ओळखीचा आवाज आला, आणि भर कार्यक्रमात अडखळला.

"आपण ऐकत…" मग सावकाश, हसऱ्या सुरात, "आपण ऐकत आहोत… सकाळची गाणी."

"चुकला!" गुरुजी कडाडले. "आहात म्हणायला हवं, आहात! कुठल्या शाळेत शिकलाय हा?"

चष्मेवालीनं हातातली काच खाली ठेवली.

"नाही गुरुजी," ती म्हणाली, "आज पहिल्यांदाच बरोबर बोलला."