माणशी एक तांब्या

महानंदा निपाणीकडची. एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की लागलीच. बंगळुरूला मारतहळ्ळीच्या एका प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं पाणी तपासत होती, आणि कुठलाही आकडा तीनदा तोच आल्याशिवाय तिने कधी सही केली नव्हती. बरोबरीचे वैतागायचे. "वैतागा खुशाल," म्हणायची.

डिसेंबरातल्या एका सोमवारी अक्षरा तिच्याकडे दोन बाटल्या घेऊन आली. व्हाइटफील्डला नोकरी, गरोदर, पाचवा महिना चाललेला. तिच्या तळहातांवर तांदळाच्या कणीएवढे टणक दाणे उठले होते. त्वचेच्या डॉक्टरांनी नखं आणि घरचं पाणी, दोन्ही तपासून आणायला सांगितलं होतं. एका बाटलीत बोअरचं पाणी होतं, दुसरीत तेच उकळून गार केलेलं.

"माझे मिस्टर, गिरीराज, रोज वीस मिनिटं उकळतात," ती म्हणाली. "तरी असं कसं हो मॅडम?"

आर्सेनिक निघालं. पाण्यात चालतं ते लिटरला जेमतेम दहा मायक्रोग्रॅम. इथे एकशे ऐंशी होतं, आणि उकळलेल्या बाटलीत दोनशे चाळीस. नखांतही भरपूर सापडलं. उकळल्याने पाणी आटतं, विष तेवढंच उरतं, हे त्या बिचाऱ्या गिरीराजला कोण सांगणार! या विषाला ना रंग, ना वास, ना चव. वर ते नाळेतून बाळापर्यंत पोचतं.

"आजपासून कॅनचं पाणी. बोअरचा थेंबही नको."

अक्षराने मान खाली घातली. "सासूबाई ऐकायच्या नाहीत."

"मग मी येते."

दोन भल्यामोठ्या अपार्टमेंटच्या बेचक्यात त्यांचं बैठं घर होतं. हे मराठी घराणं साडेतीनशे वर्षांपासून इथलंच. सासूबाई, जमनाबाई, निम्मं बोलणं कन्नडमध्ये करायच्या. मागच्या अंगणात बोअरच्या तोंडाला नळ बसवलेला होता, आणि त्याखाली फरशीवर पितळेचे चार तांबे ओळीने पालथे घातलेले.

"ये अम्मा, बस. कापी घे स्वल्प," जमनाबाई म्हणाल्या. "पाणी आत्ता नाही यायचं. सकाळी सव्वासहाला."

विजेची वेळ असेल, असं समजून महानंदा दुसऱ्या दिवशी सहालाच हजर झाली. तिची पद्धत ठरलेली: नळ पाच मिनिटं वाहू द्यायचा, पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्यायचं, मगच बाटली लावायची. सव्वासहाला धार आली आणि तिने ती खुशाल मातीत सोडली.

"अय्यो, सांडू नको गं!" जमनाबाई धावत आल्या आणि त्यांनी तांब्या लावला. "मोजून येतं ते. माणशी एक तांब्या!"

तीन तांबे काठोकाठ भरले आणि धार थांबली. नळ पुरता उघडा होता. महानंदाने एका तांब्यातून बाटली भरून घेतली. पाणी अंगाएवढं कोमट लागलं. जमनाबाईंनी स्वतःचा तांब्या रिकामाच पालथा घातला. उरलेल्यांतला एक गिरीराजचा, दोन अक्षराचे.

"घरात माणसं तीन," महानंदा म्हणाली. "चौथा तांब्या कुणाचा?"

"श्रावणात सुरू झाला." म्हातारी हसली. "डॉक्टरांच्या आधी आम्हाला कळलं."

महानंदाला हसू आलं नाही. "मोटरचं बटण कुठंय?" तिने गिरीराजला विचारलं.

त्याने नारळाखाली बोट दाखवलं. मोटर तिथे विटांवर पडली होती. वायरी कापलेल्या, वर कोळ्यांची जाळी. "तीन वर्षांमागं बोअर आटलं. मोटर वर काढून ठेवली."

"मग पाणी कुठनं येतं?"

"येतं," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

असं कसं येतं? जमिनीखाली दाब असेल, झिरपा असेल, काहीतरी असेलच ना! तिने बोअरचं झाकण काढायला लावलं आणि लोखंडी नट बांधून तीनशे फूट दोरी आत सोडली. वर आली ती कोरडी ठणठणीत. नटाला तांबडी धूळ लागली होती. धार बंद होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो आल्याचा तिला रागही आला.

ते पाणीही तीनदा तपासलं. तिन्ही वेळा एकशे ऐंशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा अंगणात उभी राहिली. "जमनाक्का, हे तोंड बंद करायचं. पोर आणि बाळ दोघंही जातील."

जमनाबाईंनी शेवटचा तांब्या उचलून पदराने पुसला. मग हळूच म्हणाल्या, "गेल्या वर्षी आम्ही घरात चौघं होतो. गिरीच्या वडलांनी एकदा आपला तांब्या ओतून दिला. म्हणाले, नको मला. दुसऱ्या सकाळी तीनच तांबे आले. हे इथंच कट्ट्यावर बसून कापी पीत होते गं, चांगले धडधाकट. दुपारी गेले." त्यांचा आवाज फुटला. "बाळाचा तांब्या मी कसा बंद करू? कुणीतरी घेतल्याशिवाय वाटा सुटत नाही."

दारात अक्षरा पोटावर हात ठेवून उभी होती. तिच्या डोळ्यांतली भीती पाहून महानंदाच्या डोक्यात तिडीकच गेली.

"एवढंच ना? मग हिचा आणि बाळाचा, दोन्ही वाटे माझ्या नावावर घाला. झालं? पण या पोरीला एक थेंब पाजायचा नाही."

जमनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. नंतर नळाकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "ऐकलंस?"

घड्याळात सव्वासहा झाले.

धार आली.

एक तांब्या भरला.

दुसरा भरला.

आणि थांबली.

अक्षराने हुंदका दिला. महानंदाने तिला धरून आत नेलं, कॅनमधलं पाणी पाजलं, गाडीत घातलं आणि थेट डॉक्टरांकडे नेलं. बाळाचे ठोके व्यवस्थित होते.

"बाळ सुटलं. आमच्या दोघांचं काय व्हायचं ते होवो," जमनाबाई म्हणाल्या, आणि त्याच दिवशी गिरीराजने वेल्डर बोलावला. बोअरच्या तोंडावर लोखंडी पत्रा बसला, वर वीतभर सिमेंट. महानंदा शेवटची थापी फिरेपर्यंत उन्हात उभी होती. पुढच्या सकाळी घरची तिघंही सव्वासहाला अंगणात थांबली. काही झालं नाही. जमनाबाई आत गेल्या आणि कॅनचं पाणी प्यायल्या.

मे महिन्यात अक्षराला मुलगी झाली. पावणेतीन किलो, ठणठणीत, आवाज तर गल्लीला ऐकू जाईल असा.

डिस्चार्जच्या आधी महानंदाने अक्षराची नखं तपासायला घेतली. अशा तपासणीत तुलनेसाठी एक असं माणूस लागतं, ज्याने ते पाणी कधी तोंडातही घातलेलं नाही. तिने स्वतःची नखं कापली आणि दुसऱ्या पुडीत भरली.

अक्षराची नखं स्वच्छ निघाली.

दुसऱ्या पुडीचा आकडा तिने वहीशी ताडून पाहिला. डिसेंबरात अक्षराच्या नखांत जेवढं होतं, तेवढंच होतं. अगदी तेवढंच. मशीन धुतलं, पुन्हा केलं. पुन्हा केलं.

महानंदा खुर्चीत बसली. फार भीती वाटत होती, ते तिने स्वतःपाशी कबूलही केलं. पण ते शब्द परत घ्यावेत असं काही तिला वाटलं नाही. तिने दोन्ही कागदांवर सही केली आणि फोन लावला.

"तुझं अगदी छान आलंय गं. बाळाला सुखाने पाज."

पलीकडे अक्षरा आनंदाने रडायलाच लागली. मग नाक ओढत म्हणाली, "मॅडम, बारसं रविवारी आहे, यायचंच हं. तुमचंच नाव ठेवतोय, महानंदा. आमच्यात खरं म्हणजे गेलेल्या माणसाचंच नाव ठेवतात. पण सासूबाई म्हणाल्या, चालतंय."