स्थळ पसंत आहे

"इथं रात्री अंधार किती असतो हो?"

देवकी दचकलीच. हुडकेश्वर गावच्या मळ्यात संत्री तोडत ती एकटी. आणि सायकलवरून उतरलेला हा चष्मेवाला परका तरुण विचारतोय काय, तर अंधार!

"काहून? चोरी करायची आहे?"

"आकाश बघायचंय," तो म्हणाला. आणि अगं बाई... बघत राहिला तो तिच्याकडेच! मग भानावर येऊन त्यानं नाव सांगितलं. अनंत, शहरात धंतोलीत राहतो, शाळेत शिकवतो. तिच्या वडिलांचं नाव विचारलं अन् गेला. त्या रात्री देवकीला झोप आली नाही, हे वेगळं सांगायला हवं का?

आठवड्यानं तिच्या वडिलांच्या, गोपाळरावांच्या नावे पत्र आलं. त्यांनी ओसरीवर मोठ्यानं वाचलं: 'आपल्याकडचं स्थळ पाहिलं. मनापासून पसंत आहे. हरकत नसेल तर येत्या अमावास्येला संध्याकाळी येतो.'

"अमावास्येले?" गोपाळराव उडालेच. "पोरगी पाहाले अमावास्येले कोण येते वं?"

पण तुळशीची लग्नं नुकतीच आटोपलेली, मुलगा मास्तर, अन् पोरीचे गाल तर लालेलाल. संध्याकाळपर्यंत गावभर बातमी झाली.

अमावास्येला देवकी मोरपंखी साडी नेसून पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली, आणि जागीच थिजली. अनंत आणि त्याचे दोन मित्र टेम्पोतून पुरुषभर उंचीचं पत्र्याचं नळकांडं उतरवत होते.

"तोफ आणली का गा?" गोपाळराव ओरडले.

"दुर्बीण आहे, काका. आरसा मी स्वतः घासलाय, बारा इंची. तेवढा कंदील विझवता?"

"पोरगी पाहाले आला, अन् कंदील विझवा म्हणता?"

"पोरगी? कोणती पोरगी?"

गोपाळरावांनी खिशातलं पत्र त्याच्यापुढे धरलं.

"मी... स्थळ म्हणजे... ही जागा. दुर्बिणीसाठी..." अनंतला घाम फुटला.

धरणीनं पोटात घ्यावं असं देवकीला झालं. उद्या गावात तोंड कसं दाखवायचं? रडू येणार होतं, पण आला तो राग. तिनं बशी आदळली, स्वतःच कंदील विझवला.

"दाखवा ना! माह्यापेक्षा पाहण्यासारखं काय आहे, ते मलेही पाहू द्या!"

अनंतनं दुर्बीण आकाशाकडे रोखली, तशी ती स्टुलावर चढली. अनंतनं स्टूल घट्ट धरलं.

"धुरकट ठिपके दिसतील. एकेक म्हणजे अब्जावधी सूर्यांची दीर्घिका. पुस्तकात पाच लिहिल्यात. मला दोन वर्षांत चारच दिसल्या."

देवकीनं डोळा लावून एकेक ठिपका मोजला. मग म्हणाली, "पाच आहेत."

"शक्यच नाही!"

"मधली एक नाही, दोन आहेत. एकमेकीले बिलगून बसल्या—" आपण काय बोललो हे कळून तिनं जीभ चावली.

अनंतनं डोळा लावला. "दोन आहेत... देवकी, खरंच दोन आहेत!"

"माह्यं नाव कोणी सांगितलं?"

"त्याच दिवशी... परतताना वाटेत तुमचा गडी भेटला, त्याला विचारलं होतं." तो अडखळला. "पत्रात मला जागाच म्हणायची होती. पण बाकी... पसंत, मनापासून... ते लिहिताना डोळ्यांपुढे जागा नव्हती हो."

देवकीला कळेना. लाजावं की झापावं? ओसरीवर बाबा धुसफुसत होते. तिनं पदर खोचला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, मले मुलगा पसंत आहे!"