पुढच्या खोलीची नोटीस

आठ महिने बंकटराव आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होते, अन् आठ महिन्यांत आमचं बोलणं काय झालं म्हणाल, तर — "तुमचं मांजर आत आलंय." "मग हाकला की!" बस. एवढंच. बाकी सगळं नजरेचं. मी आडावर भांडी घासायला बसले की त्यांच्या खिडकीचं एक दार उघडायचं... अन् माझं एकच ताट चार-चार वेळा घासून व्हायचं.

ते पाटोद्याकडचे, आमच्या सोयरिकीत बसणारे. धारूरला कचेरीबाहेर बसून लोकांच्या अर्ज्या उर्दूत लिहून द्यायचे. निजामाचं राज्य ते. कागद उर्दूत नसला तर कचेरीत कुणी हुंगायचंसुद्धा नाही.

दसरा आठवड्यावर आला होता, तेव्हा आबांनी मला हाक मारली. आमचे आबा म्हणजे मुंजाजीराव. मिशा अशा की चोरानं वाट बदलावी, अन् स्वभाव इतका भिडस्त की भाडेकरूला "भाडं वाढवतो" म्हणायला जीभ उचलेना.

"दिवाळीच्या पाडव्यापून पुढच्या खोलीचं भाडं अडीचाचं साडेतीन करायचंय. रीतसर नोटीस पायजे, उर्दूत. जा, लिहून आण."

"कुणाकून?"

"बंकटरावाकून! त्यांच्यावानी अक्षर हाय का कुणाचं?"

"अवो आबा... नोटीस त्यांनाच द्यायचीय नं?"

"म्हणून तर म्हणतो, नाव मोकळं ठेवायला सांग. त्यांना काय कळतंय!"

आता काय बोलावं या माणसाला? कपाळावर हात मारला अन् निघाले.

पण पाय जड होते. भाडं का वाढतंय ते मला ठाऊक होतं. आई गेली, घर माझ्या गळ्यात पडलं, अन् एकोणीस सरलं तरी मी बिनलग्नाची. धर्मापुरीचं स्थळ आलं होतं. हुंडा थोडा थोडा घ्यायला ते राजी होते, अन् हा वरचा रुपया महिन्याच्या महिन्याला तिकडं जायचा होता. म्हणजे मला धर्मापुरीला धाडायचा खर्च बंकटरावांनी करायचा, अन् त्याची नोटीसही त्यांनीच लिहायची! देवा रे.

उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. आतून शाईचा ओला वास येत होता.

"नोटीस लिहून पायजे. भाडं वाढवायची."

त्यांनी बोरू उचलला. "भाडेकरूचं नाव?"

"मोकळं ठेवा."

"बरं. जागा?"

"आडासमोरची... पुढची खोली. एक खिडकी हाय."

बोरू थांबला. आलेलं हसू त्यांनी गिळलं. "भाडेकरू कसा हाय? वाईट असंल तर कडक लिहितो."

"तसा गरीब हाय. पण... सारखं खिडकीतून बघत ऱ्हातो."

"काय बघतो?"

"आड."

"पाणी लई गोड असंल आडाचं."

"मचूळ हाय! ढोरंबी तोंड लावत न्हाईत."

"त्याला अजून कळलं नसंल," ते म्हणाले — अन् मेला सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला! पदर सावरायच्या निमित्तानं मी मान वळवली. कानाच्या पाळ्या नुसत्या तापल्या होत्या.

"पण भाडं कावून वाढवायलेत?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. "धर्मापुरीला माझी... सोयरिक चाललीय. हुंड्याला पायजेत."

त्यांचं हसू गेलं. "तुमाला पसंत हाय?"

हे आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं. आबांनीसुद्धा नाही.

"आमाला कोण विचारतंय," म्हणताना माझा आवाज चिरकला.

मग ते लिहीत बसले. किती वेळ! नोटीस कसली, पोथीच म्हणायची. शेवटी घडी करून कागद उंबऱ्यावर ठेवला. "दस्तगीरचाचांकून वाचून घ्या. अन् वाचताना तुमी तिथंच थांबा... येवढं माझं ऐका."

आबांनी कागद बघितला, "वा! काय अक्षर!" म्हणाले, काजळाची डबी मागवली अन् खाली अंगठा ठोकून मोकळे झाले. वाचून घ्यायच्या आधीच! मग सीताफळं विकायला आलेल्या दस्तगीरचाचांना ओट्यावर बसवलं. चाचांना उर्दू वाचता यायचं, लिहिताना मात्र हात कापायचा.

"पाडव्यापून भाडं साडेतीन," चाचा वाचून मराठीत सांगू लागले. "भाडेकरूला कबूल हाय."

"बघ! बिचारा भला माणूस," आबा मला म्हणाले.

"फुडं लिहिलंय..." चाचांनी चष्मा पुसला. "वाढीव रुपया धर्मापुरीच्या हुंड्यासाठी असला, तर भाडेकरूची अर्जी अशी, की त्याला हुंडा नको. दसरा झाला की त्याची आई पाटोद्याहून मागणी घालायला येईल. पण शिवकन्याबाईंची मर्जी असंल तरच. नसंल तर महिनाअखेर तो खोली रिकामी करील. खाली नाव, बंकट. अन् बाजूला एका अंगठ्याची जागा मोकळी ठिवलीय, भई."

आबांच्या मिशा थरथरल्या. "फाडा तो कागद!"

"फाडतो की. पण मुंजाजीराव, तुमचा अंगठा तर लागून गेला."

आबा आपल्या काळ्या अंगठ्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. मी खांबाला धरून उभी. आत्ता गप्प बसले तर महिनाअखेर ती खिडकी बंद होणार, एवढंच कळत होतं. मी पुढं झाले अन् डबी उचलली.

"कुठं करायचा, चाचा?"

"शिवकन्ये!" आबा ओरडले. पण जागचे उठले नाहीत.

"हितं, बेटी."

काजळ जरा फिसकटलं. पण उठला अंगठा.

आबांनी आपला काळा अंगठा धोतराला पुसला. मग घसा खाकरून म्हणाले, "लगीन लागोस्तर भाडं साडेतीनच घेणार. सांग त्याला!"

"कबूल!" समोरच्या खिडकीतून कुणीतरी लई मोठ्यानं म्हणालं.

लग्नानंतर मी हट्टानं उर्दू शिकले, त्यांच्याकडूनच. पहिला कागद वाचला तो हाच. तेव्हा कळलं, चाचांनी शेवटची एक ओळ गाळली होती. लाजले असतील बिचारे. तिथं लिहिलं होतं — आडाचं पाणी मचूळ आहे, हे भाडेकरूला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.