जिथे घर बांधायचं नाही

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडली आहे. मीही लेकुरवाळी आहे. पोराबाळांच्या नावावर असलं काही रचून सांगायची माझी छाती नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्याचा किनारा. गेल्या ऑक्टोबरची सतरा तारीख. रात्र नव्हती... भर दुपार होती.

मार्नी, माझी बहीण, किनाऱ्याच्या जमिनी राखणाऱ्या संस्थेत काम करायची. खाजणाकाठचं हेस्टर लूकबाईंचं शेत त्यांनी मरणापूर्वी संस्थेशी करार करून अटीत बांधून टाकलं होतं. शेती करा, गवत कापा. पण तिथे घर म्हणून उभं राहायचं नाही. कधीच नाही. दरवर्षी मार्नीने सगळी हद्द चालायची आणि कागदावर लिहायचं: नवं बांधकाम आहे की नाही.

त्या दिवशी सांभाळणारी आजारी पडली. म्हणून तिची तीन वर्षांची लेक डेला सोबत.

फाटकाशी म्हातारा ऑरिन भेटला. तिथलं गवत तोच कापतो.

"काय गं पोरी, आलीस गवत मोजायला? तुझ्या साहेबांना सांग, गवताला अजून खिडक्या फुटल्या नाहीत!"

"तुम्ही कापायचं थांबाल तर फुटतील ना, ऑरिनकाका!"

तो हसला. मग डेलाकडे बघून त्याचं हसू मावळलं.

"हिला कशाला आणलंस?"

"का?"

"हेस्टरच्या मुलाला, गेलनला, तिथेच घर हवं होतं. लग्न, पोरंबाळं, सगळं ठरवून बसलेला. लाकूडसुद्धा आणलं होतं. आईने सही केली, आणि हा रागाने बोट घेऊन गेला... आलाच नाही." त्याने खाजणाकडे पाहिलं. "मागच्या वर्षी पाया चालला होता. आता छपरावर आलाय."

"कोण?"

ऑरिनने फाटक उघडलं. "पोरीचा हात सोडू नकोस," एवढंच म्हणाला.

धुकं दाटलं होतं. भुरभुर पाऊस. मार्नीने मनाशी म्हटलं, म्हातारा चळलाय.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

वरून येत होता आवाज. कुणीतरी उंचावर खिळे ठोकत असावं तसा.

तिथे झाड नव्हतं. खांब नव्हता. नुसतं सपाट रान.

दरवर्षी त्याच ठिकाणाहून फोटो काढायचा असतो. मार्नीने फोटोपुरता हात सोडला.

एवढंच.

वळून पाहिलं तर डेला नाही.

"डेला!"

ठोकणं थांबलं.

समुद्रपक्षीही गप्प. खाजणात पाणी चढत होतं, त्याचासुद्धा आवाज नाही. मार्नी ओरडत धावत सुटली. चिखलात पडली, उठली, पुन्हा धावली. किती वेळ, तिला सांगता येत नाही.

मग पाय थबकले.

समोर गवत कोरडं होतं.

आजूबाजूचं सगळं रान निथळत होतं, आणि मधोमध सुरीने कापल्यासारखा चौकोनी तुकडा... कोरडा ठणठणीत. चार कोपरे चोख. नव्या लाकडाचा वास.

मधोमध डेला. मांडी घालून. वर बघून खुदुखुदु हसत.

मार्नीने तिला उचललं आणि मागे न बघता गाडी गाठली. दारं लावली. पोरीला चाचपलं. केस कोरडे. अंग ऊबदार.

पायांत गमबूट नव्हते. मोजे स्वच्छ, गवताची काडीसुद्धा नाही.

"बूट कुठे गेले, बाळा?"

"दारात काढले."

"...कुणाच्या दारात?"

"काका म्हणाले, आतली जमीन नवी आहे, घाण करायची नाही."

बूट आणायला मार्नी गेली नाही. ऑरिनने दुसऱ्या दिवशी सगळं रान पालथं घातलं. मिळाले नाहीत.

अहवालात तिने लिहिलं: नवं बांधकाम नाही. 'आहे' लिहिलं असतं तर संस्थेने पाडायला माणसं पाठवली असती. काय पाडणार होती? पण 'नाही' लिहिलं, म्हणजे आता ते थांबवायला तिकडे कुणीच जाणार नाही... हेच तिला खातं.

ती नोकरी तिने सोडली. शहरात राहते, किनाऱ्यापासून चाळीस मैल.

परवा मी तिच्याकडे होते. दुपारची वेळ. डेला खेळता खेळता थांबली. मान तिरकी करून कान दिला. आम्हाला काही ऐकू आलं नाही.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही, मावशी," ती म्हणाली. "आता माझी खोली करतायत."