पावलांचा दावा

पडद्यावरची नटी जिना उतरते तेव्हा तिचे सँडल वाजत नाहीत. वाजतात ते दुसरीचे. तीस वर्षं ती दुसरी मी होते. बंद खोलीत वाळूचं खोकं, खडीचं खोकं, एक लाकडी फळी आणि कोपऱ्यात चपला-बुटांचा ढीग. समोर चित्र चालायचं, त्याबरोबर मी चालायचे. चौथी नापास बाई, पण राणीपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांना पाय मी दिले. पडद्यावर नाव मात्र एकदाही लागलं नाही. सिनेमातलं कुत्रं सांभाळणाऱ्याचं लागलं, माझं नाही.

गेल्या वर्षी न्हाणीघरात पडले, खुबा मोडला. तेव्हापासून डावा पाय ओढत चालते. घरात मी एकटी. वर्षभरात दाराशी दुसरी पावलं वाजली ती फक्त भाचीची, तीही महिन्यातून एकदा आणि घाईची.

एका दुपारी टीव्हीवर मालिका लागली होती. कुणी म्हातारी खोलीत एकटीच फिरत होती. मी पाठमोरी भांडी घासत होते. हात थांबला. ती पावलं माझी होती.

भाची वकील आहे. तिला म्हटलं, "दावा लाव. पैसा नको मला. नाव हवं."

बोलणीला बसलो तेव्हा मालिकेच्या कंपनीच्या वकिलाने जुना कागद पुढे सरकवला. "आजी, तुमचे सगळे आवाज तुम्ही वीस वर्षांपूर्वी लिहून दिलेत. हा त्याच साठ्यातला."

"आजी असेल तुझ्या घरी. वीस वर्षांपूर्वी मी हरणासारखी चालत होते. हिचा डावा पाय ओढतोय. कान घरी विसरून आलास का?"

भाचीचे डोळे चमकले. "म्हणजे आवाज गेल्या वर्षातला! त्या कागदात तो येतच नाही. मावशी, जिंकलो आपण!"

"जिंकलो खरं. पण मग हा आवाज भरला कुठे? इस्पितळातून आल्यापासून मी उंबरा ओलांडला नव्हता."



कंपनीच्या रेकॉर्डिस्टला बोलावलं. माझ्याच काळातला, केस पिकलेला. त्याने आवाज लावला. मी डोळे मिटले. खाटेपासून दारापर्यंत तेरा पावलं. मधल्या, सातव्या पावलाला फरशी टक् वाजली. माझ्या घरातली मधली फरशी हलते. जाताना वाजते, येताना वाजते.

"हे भरलं कुणी?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"कुणी नाही साहेब. साठ्यात सापडतं. दर सोमवारी थोडं वाढलेलं असतं." तो माझ्याकडे पाहीना. "एक तुकडा मालिकेत अजून वापरलेला नाही. बाई, तुम्ही नका ऐकू."

"लाव."

माझी पावलं. तेरा. कडी निघाली.

कुणीतरी आत आलं. अनवाणी.

मी माणूस पायावरून ओळखते. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली, त्याची पावलं आजही गर्दीत ओळखेन. ही त्याची नव्हती. मी ऐकलेल्या कुणाचीच नव्हती.

ती खाटेपर्यंत गेली. माझी दाराशीच थांबली. परत वाजली नाहीत.

मी पुन्हा लावायला सांगितलं. मोजलं. सातव्याला काही वाजलं नाही. माझ्याही नाही, आत आलेल्याच्याही नाही.

"हे माझं घर नव्हे," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे श्वास सोडला.

कंपनीने माघार घेतली. पुढच्या सोमवारी कागद झाला. पडद्यावर माझं नाव लागणार. एकेक अक्षर कोरून सही केली मी. भाचीने दारापर्यंत सोडलं.

"आत ये. चहा टाकते."

"आज नको गं मावशी, तारीख आहे." ती पायरीवरूनच वळली. "आणि हो, सकाळी आपण निघाल्यावर गवंडी येऊन गेला, शेजारी किल्ली दिली होती. ठेचकाळशील एखाद दिवशी, म्हटलं."

तिची पावलं गेटापर्यंत ऐकली. मग कडी लावली आणि खाटेकडे निघाले. मोजायची सवय.

पाच.

सहा.

मधल्या फरशीच्या कडेने सिमेंट अजून ओलं होतं. मी तिच्यावर पाय ठेवला, सगळा भार देऊन.

काही वाजलं नाही.