थोटकं वेचणारा माणूस

स्वतः विडी ओढत नाही, पण दुसऱ्यांनी टाकलेली थोटकं वेचून कागदात बांधतो, असा माणूस जयवंतानं आजवर पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला आणि तिच्या हातातली किटली तशीच तिरकी राहिली. चहा रोजचं गिऱ्हाईक असलेल्या तात्याबाच्या धोतरावर सांडला.

"आगं पोरी! धोतराला बी चहा पाजतीस व्हय?"

"चुकलं, तात्याबा..."

कोपऱ्यातल्या बाकड्याखाली वाकलेला तो तरुण दचकला आणि उठताना त्याचं डोकं बाकड्याला आपटलं. मुठीत सात थोटकं होती. जयवंतानं मोजली, मोजायची तिला खोडच होती.

"केरातच टाकणार होता ना?" डोकं चोळत त्यानं विचारलं. "मी नेली तर चालतील?"

"कशाला?"

"काम हाय थोडं..."

"थोटकांचं?"

"सांगितलं तर हसाल." आणि तोच हसला. डाव्या गालाला खळी पडली. जयवंतानं तीही पाहिली, आणि पाहिली म्हणून स्वतःवरच चिडली.

सत्त्याण्णवचा जानेवारी होता. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या त्या फाट्यावर रामहरीचं हाटेल पंचवीस वर्षं उभं होतं. मेंढरं विकून त्यानं ते काढलं होतं. थोरली लेक जयवंता बारामतीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि नोकरीचं पत्र येईपर्यंत गल्ला सांभाळत होती. त्याच महिन्यात ग्रामपंचायतीनं ठराव केला: हाटेल, सलून आणि गिरणी यांच्या आत विडी-सिगारेट ओढायला मनाई. एका तक्रारीवर नोटीस, दुसरीवर परवाना रद्द.

"माझी जागा, माझी बाकडी," रामहरी गरजला होता. "हितं कुणी काय ओढायचं ते पंचायत ठरवणार? उद्या म्हणतील, चहात साखर किती घालायची ते बी आमी सांगतो!"

जयवंताला धुराचा तिटकारा होता. पण बापाचं म्हणणं तिला तर्काला धरून वाटलं. ज्याला धूर नको त्यानं दुसरीकडे चहा प्यावा, त्यासाठी कायदा कशाला? तिनं तीन मुद्दे काढून पंचायतीला ठरावाविरुद्ध अर्ज लिहिला. सरपंच मोहनरावांनी तो सिगारेट ओढत ओढत वाचला. "ठराव हाटेलाला हाय, हाफिसाला न्हाय," असं म्हणून त्यांनी राख अर्जावरच झाडली.

आठच दिवसांत पहिली नोटीस आली. कुणीतरी तक्रार केली होती.

कुणी? जयवंताचा संशय तेव्हापासून जागाच होता. आणि आता हा... थोटकं वेचणारा!

त्याचं नाव बिरदेव. घर बारामतीपलीकडं कऱ्हाटीला. शेतकी पदवी घेतलेली, फाट्यापलीकडची मामाची डाळिंबाची बाग बघायला आला होता. एवढी माहिती तात्याबानं काढली. पुढचं जयवंता स्वतः टिपत गेली. रोज सकाळी आठला येतो. दहापर्यंत बसतो. एकच चहा घेतो. निघताना थोटकं पुडीत बांधतो आणि पुडीवर तारीख अन् आकडा घालतो.

"पुरावा गोळा करताय?" एकदा तिनं कप आदळत विचारलं.

"कशाचा?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

"एवढा संशय घेता, तर चहा कसा काय देता?"

"पैसे देता म्हणून."

"आणि... आज साखर जास्त पडली ती?"

जयवंताचे कान तापले. साखर खरंच जास्त पडली होती. "हात चुकला," ती म्हणाली.

"रोज चुकू द्या."

तो नळावर हात धुवायला मागच्या दारी गेला. बराच वेळ आला नाही. मागं तिची आई, ठमाबाई, भांडी घासत असायची. तिच्याशी एवढं काय बोलत असेल? चौकशी... हाटेलाच्या आतली चौकशी! दुसऱ्या दिवशीपासून जयवंतानं साखर मोजून घातली.

दोन आठवडे गेले आणि पंचायतीचं बोलावणं आलं. रामहरी आणि जयवंता दोघं गेली. दुसरी तक्रार आली होती. परवाना गुरुवारी रद्द होणार. तोवर तक्रार मागं घेतली गेली, तरच वाचणार.

"केली कुणी?" रामहरीनं विचारलं.

"नाव सांगता येत न्हाय." मोहनरावांनी अर्जाच्या खालच्या भागावर तळहात ठेवला. पण वरचा भाग उघडा होता. 'ता. ९ - विड्या एकवीस, सिगारेटी सहा. ता. १० - विड्या अठरा...'

ते अक्षर जयवंतानं लगेच ओळखलं. एकाची शेपटी लांब, नऊचा डोळा मिटलेला. रोज पुडीवर दिसणारे आकडे!

संशय खरा ठरला की तिला एरवी बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अवकाळी आभाळ भरून आलं होतं. बिरदेव आठला आला, तर ती दारातच उभी.

"अर्जावरचं अक्षर तुमचं आहे."

तो म्हणाला, "अक्षर माझं हाय. म्हणणं माझं न्हाय."

"मग कुणाचं?"

"ते सांगता येणार न्हाय. शब्द दिलाय."

"पंचवीस वर्षांचं हाटेल गुरुवारी बंद पडतंय, आणि तुम्ही शब्द सांभाळताय! आमच्या बाकड्यावर बसून आमचीच हेरगिरी... पुन्हा पायरी चढू नका."

त्याच्या गालावर खळी नव्हती. "बरं," एवढंच म्हणाला आणि भुरभुरत्या पावसात रस्ता ओलांडून एस.टी.च्या थांब्याकडं चालू लागला.

"त्याला का भाईर काढतीस? मला काढ."

ठमाबाई मागच्या दारातून आली होती. ओले हात पदराला पुसत होती. तिनं डावा अंगठा पुढं केला. शाईचा निळा डाग अजून पुरता गेला नव्हता.

"तक्रार माझी हाय. दोन्ही बी. पयली तोंडी केली; मला लिवता येत न्हाय, म्हणून ही त्याच्याकडनं लिवून घेतली."

तात्याबाची विडी हातातच विझली.

"तू?" रामहरी गल्ल्यामागून उठला. "घरातल्या माणसानं...? मला सांगायचं हुतंस!"

"किती डाव सांगितलं? 'गिऱ्हाईक हाय, जरा सोस.' सोसलं. बाकडी तुमची, दुकान तुमचं, धूर गिऱ्हाइकाचा... आन खोकला तेवढा माझा व्हय?"

"आई, मला तरी..." जयवंता म्हणाली.

"तुला काय सांगू? तू तर तीन कलमं लिवून बापाच्या बाजूनं हुबी. ज्याला नको त्यानं दुसरीकडं जावं म्हनं. म्या कुठं जाऊ, बया?"

जयवंता खाली बसली. आईला खोकला चुलीमुळं होतो, असं ती आजवर धरून चालली होती. पण चूल दोन वर्षांपूर्वीच गेली, गॅस आला. खोकला तसाच राहिला. प्रयोगशाळेत कारण काढून घेतल्यावर परिणाम तसाच उरला असता, तर तिनं पहिल्याच दिवशी ते कारण खोडलं असतं. घरात दोन वर्षं दिसलं नाही. परक्या माणसावर डोळा ठेवून असताना मागच्या दाराकडं तिनं पाहिलंच नव्हतं.

रामहरी गल्ला बंद करून पुढं आला. मग खाकरला.

"पंचायतीचं मी ऐकणार न्हाय. सांगून ठेवतो." त्यानं तात्याबाकडं बोट केलं. "तात्याबा, विडी भाईर. लिंबाखाली."

"आँ? मग ऐकलंसच की पंचायतीचं!"

"पंचायतीचं न्हाय. मालकीणबाईचं." आणि बायकोकडं न बघता तो पुटपुटला, "चल, आवर. अर्ज मागं घ्यायला जाऊ. तुझाच अंगठा लागंल."

ती दोघं पंचायतीकडं निघाली, आणि जयवंतानं रस्ता ओलांडला.

थांब्याच्या शेडखाली बिरदेव उभा होता. पत्र्यावर पाऊस टपटपत होता. ती शेजारी येऊन उभी राहिली... थोडं अंतर ठेवून.

"सांगितलं का नाही?"

"मावशी म्हणाल्या, घरात भांडण नको."

"मी तुम्हाला हेर म्हणाले."

"चोर बी म्हणालात."

"ते मनात म्हणाले होते!"

"तुमच्या मनातलं तोंडावर दिसतं."

ती हसली. मग पुन्हा शंका आली, इलाज नव्हता. "थोटकांचं काय करायचात, ते अजून सांगितलं नाही."

"पाण्यात भिजवायची, गाळायची, साबण घालून फवारायची. डाळिंबावर माव्याची कीड पडली हुती. लिटरला किती लागतात ते बघायचं हुतं, म्हणून आकडे. मामा हसतात, म्हणून सांगत नव्हतो."

"मग गेला का मावा?"

"दोन फवारण्यांत गेला."

तिनं मनात दिवस मोजले. "दोन फवारण्या म्हणजे... पहिला आठवडा. त्यानंतर पंधरा दिवस तुम्ही येत होतात."

बिरदेव पावसाकडं बघू लागला.

"थोटकं कशाला नेत होतात मग?"

"नेली नसती तर... यायला कारण काय सांगितलं असतं?"

पत्र्यावरचा आवाज वाढला, की तिला तसा वाटला? बारामतीची एस.टी. लांबून दिसली.

"तुमच्या आबांना विचारावं म्हणतोय," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"जे विचारतात ते."

"आबांना शेवटी. आमच्या घरात बायकांना आधी विचारायची पद्धत नव्हती. आजपासून पडली."

"म्हणजे आधी मावशींना?"

"त्यांच्याही आधी."

त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं, ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "जयवंता... तुम्हाला चालंल?"

एरवी कुठल्याही प्रश्नाला ती तीन मुद्दे काढायची. आज एकही निघेना.

"चालेल," ती म्हणाली.

एस.टी. येऊन थांबली. कंडक्टरनं दारातून मान बाहेर काढली. "चला, बारामती! ओ पाव्हणं, येताय का राहताय?"

"राहतोय," बिरदेव म्हणाला.