हर्बर्टची पाठ

त्या मंगळवारी मी फ्लोरीला घेऊन निघाले होते ते तिच्या डोळ्यांचे थेंब आणायला. लायब्ररीत जायचं आमच्या मनातही नव्हतं. पण औषधाच्या दुकानाच्या दारातच क्रॅबट्रीसाहेबांनी गाठलं. ते आमच्या गावच्या लायब्ररीत जुने कागद सांभाळतात. माणूस सरळ, पण एकदा बोलायला लागला की आपला चहा गार झालाच म्हणून समजा. मला म्हणाले, एंटविसलबाई, तुम्हाला ओठ वाचता येतात ना? मी म्हटलं, तेवढंच येतं हो, कान तर साच्यांनी केव्हाच खाल्ले.

हे जरा समजावून सांगते, कारण आता इंग्लंडातल्या आमच्या लँकेशायरमधल्या पोरांनाही गिरणी ठाऊक नाही. आमच्या साचेखात्यात कापड विणायचे चारशे साचे एकदम चालायचे. तिथं घसा फोडून ओरडलात तरी शेजारणीला ऐकू जायचं नाही. मग आवाज न काढता, तोंड चांगलं मोठं करून बोलायचं आणि समोरचीनं ओठ वाचायचे. मी-मॉ म्हणायचो आम्ही त्याला. दहा साच्यांपलीकडची बाई कुणाची उणीदुणी काढतेय ते आम्हाला बसल्या जागी कळायचं. नियम एकच होता. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे तोंड करायचं. पाठ फिरवली की माणूस मुका झाला. मला हे सगळं फ्लोरीनं शिकवलं. तेव्हा मी बारा वर्षांची होते, ती एकवीसची, आणि तिच्या हाताखाली मी धोट्यात दोरा भरायला लागले. आता ती सत्त्याहत्तरची, डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड आणि अंधार एवढंच दिसायचं तिला.

क्रॅबट्रीसाहेबांना कुठल्याशा मेलेल्या फोटोवाल्याच्या माळ्यावर सिनेमाचं एक मुकं रीळ सापडलं होतं. एकोणीसशे सोळाच्या जुलैतलं, फ्रान्समधलं, आमच्याच पलटणीचं. नाटकातली लढाई नाही, खरी. त्यात एक शिपाई काहीतरी बोलत होता आणि ते काय, हे त्यांना हवं होतं. मग खाकरले आणि फ्लोरीकडे बघत हळूच म्हणाले, "मिस ॲस्पिनॉल, तो तुमचा भाऊ असावा, असं मला वाटतं."

फ्लोरीनं माझा दंड असा धरला की चार दिवस वळ होते.

कारण सांगते. ती पलटण म्हणजे सगळी आमच्या गिरण्यांतली पोरं, एका गल्लीतली दहा-दहा. फ्लोरीचा भाऊ हर्बर्ट त्यांच्यात होता आणि तो परत आला नाही. पण त्यांचा सार्जंट दक्षिणेकडचा, गिरणीचं तोंडही न पाहिलेला. तो जखमी होऊन आला आणि सांगत सुटला, की ॲस्पिनॉल मेला तेव्हा त्याचं तोंड आपल्याकडे होतं आणि पाठ जर्मनांकडे. म्हणजे पळत होता. खरं काय ते सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. चॅपलमधल्या फळीवर लढाईत गेलेल्या सगळ्यांची नावं कोरली, हर्बर्टचं सोडून. आई त्या दुःखानं गेली. फ्लोरीचं ठरलेलं लग्न मुलाच्या आईनं मोडलं. साठ वर्षं दर नोव्हेंबरात नावं वाचली जायची तेव्हा ही बाई चॅपलच्या बाहेर पायरीवर उभी राहायची, पावसातसुद्धा. मी कितीदा म्हटलं, आत चल गं. तर म्हणायची, "हर्बर्ट आत नाही, मग मी कशाला जाऊ?"

लायब्ररीच्या वरच्या खोलीत गेलो. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. साहेबांनी काळे पडदे ओढले, यंत्र लावलं. तापलेल्या दिव्याचा आणि धुळीचा वास सुटला. मी फ्लोरीला जवळ बसवलं. दिसेल ते मोठ्यानं सांगायचं असं ठरलं.

आता खरं सांगू? मी युद्धाचे सिनेमे पुष्कळ पाहिलेत. त्यात माणूस छाती धरतो, आभाळाकडे बघतो, मग पडतो. इथं तसं काहीच नव्हतं. पोरं खंदकातून वर चढत होती, आणि एक जण चढता चढता थांबला आणि घसरून खाली बसला. गिरणीतली पाळी संपल्यावर माणूस भिंतीला टेकून बसतो ना, तसा. पुन्हा उठला नाही. बाजूचा त्याला ओलांडून वर गेला. मला बोलवेना. तो कुणाचा तरी पोरगा होता आणि मी त्याला जाताना बघितलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत, साठ वर्षांनी. फ्लोरी विचारत होती, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, थांब जरा.

मग तो दिसला. धुरातून पुढं गेलेला, काटेरी तारेपाशी. उंच, कान बाहेर आलेले, अगदी फ्लोरीचे कान. आणि तो वळला. सार्जंट खोटं बोलला नव्हता. तोंड आमच्याकडे, पाठ बंदुकांकडे. ताठ उभा. आणि तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करून बोलत होता.

"डावीकडे," मी वाचलं. "तार डावीकडे तुटलीय. डावीकडून या. टॉम, डावीकडे. वॉल्टर, तू पण."

मी तिथंच थांबले. तोफांच्या त्या कल्लोळात आरोळी कुणाला ऐकू जाणार? पण मागची सगळी पोरं साच्यांवरची. त्यांना दिसलं की पुरे. आणि दिसायचं तर त्याला तोंड मागं करायला हवं, बंदुकांकडे पाठ करून उभं राहायला हवं. राहिला तो. पोरं एकामागून एक डावीकडे वळत होती, त्याच्या ओठांकडे बघत. पाच, सहा, सात. मग त्याच्या पाठीला काहीतरी लागलं आणि तो पडला. अकरा सेकंद, साहेबांनी मोजली होती. एवढ्यात केवढं काम केलं पोरानं. मी आयुष्यात इतकं शूर काही पाहिलेलं नाही आणि आता पाहणारही नाही.

मी फ्लोरीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. इतकंच म्हणाली, "त्यानं नियम पाळला." आणि मग म्हणाली, पुन्हा लावायला सांग.

पुन्हा लावलं. आता ऐका. हर्बर्ट वळला, बोलायला लागला, आणि मला राहवेना. तो आता पडणार हे मला ठाऊक होतं ना. गिरणीची सवय, दुसरं काय. माझेच ओठ हलले, आवाज न काढता. हर्बर्ट, खाली बस रे.

तो बोलायचा थांबला.

खोलीत गरम तेलाचा आणि कापसाच्या तुसाचा वास आला. पायाखालची फरशी थरथरायला लागली, साचे चालू असताना थरथरायची तशी. हर्बर्टची नजर माझ्यावर होती... माझ्या ओठांवर. त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"अजून यायचेत," तो म्हणाला. मग पडला.

साहेब यंत्राशी वाकलेले होते, त्यांनी पाहिलं नाही. मी कुणाला बोलले नाही. फ्लोरीला मात्र बसमध्ये सांगितलं. तिला भीती वाटली नाही, उलट चेहरा उजळला तिचा. म्हणाली, तो तसाच होता, शेवटची पोरगी घरी पोचेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी थांबायचा.

क्रॅबट्रीसाहेबांनी चॅपलला पत्र लिहिलं, आणि नाव कोरायचं ठरलं. फ्लोरीला ते ऐकायला मिळालं, ही देवाची दया. सप्टेंबरच्या शेवटी ती गेली. मी हात धरून बसले होते. शांत होती अगदी. म्हणाली, "तो उभा असेल, मेबल. मला वाट दाखवेल." मी म्हटलं, असेलच की, वेडे.

नोव्हेंबरातल्या रविवारी, सकाळच्या प्रार्थनेनंतर, चॅपलच्या हॉलमध्ये ते रीळ दाखवलं. सगळं गाव आलं होतं. ज्या घरातून फ्लोरीचं लग्न मोडलं, त्या घरची नातवंडंसुद्धा आली होती. मी पुढच्या रांगेत बसले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. आज काही बोलायचं नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं.

हर्बर्ट वळला. म्हातारी माणसं उभी राहिली, एकेक करून, मानानं. पोरं डावीकडे गेली. पाच, सहा, सात. मी त्याच्या पडण्याची वाट बघत होते.

तो पडला नाही.

तो आमच्या रांगांवरून नजर फिरवत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुन्हा उलटी. मागं धूर दाट होत होता आणि मातीचे फवारे त्याच्याजवळ उडत होते, पण तो हलत नव्हता. मग त्याची नजर माझ्यापाशी थांबली.

"फ्लोरी कुठंय?"

पण त्याला उत्तर न देणं मला जमेना. मी ओठ हलवले. ती निघाली रे, हर्बर्ट... सहा आठवडे झाले.

मग हळूहळू, मला नीट वाचता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाला,

"इकडं... आली नाही."

रीळ संपलं, पडदा पांढरा झाला. लोक टाळ्या वाजवत होते, डोळे पुसत होते. मी मागं वळून क्रॅबट्रीसाहेबांकडे गेले. ते यंत्राशी उभे होते, हातात घड्याळ, नजर त्या कोऱ्या पडद्यावर, ओठ पांढरे. मी विचारलं, आज तो पडला का हो?

ते म्हणाले, "नाही, बाई. तो अजून उभाच आहे."